तपासायचे पैसे आधी घेणारं दुकान: तापकीर गल्लीतलं कॉम्प्युटर रिपेअर

आधी मुद्द्याचं सांगते. हे दुकान मशीन नुसतं तपासायचे चारशे रुपये घेतं, आधी घेतं, तपासून तसंच परत नेलं तरी ते परत मिळत नाहीत आणि तिथूनच पार्ट घेतला तरी बिलातून वजा होत नाहीत. यावरून काउंटरवर रोज कोणाची तरी वादावादी चालू असते, मी तिथे बसलेली असतानाच एक जण "नुसतं बघायचे चारशे? डॉक्टर आहात का?" असं बोलून जिना उतरून गेला. तरीपण डेस्कटॉप कामाच्या मधेच बंद पडतो या एका दुखण्यासाठी मला पुण्यात याहून बरी जागा माहीत नाही, आणि ती बरी आहे ते या चारशे रुपयांमुळेच असं माझं मत झालंय, का ते खाली लिहिते.

जागा म्हणाल तर बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या आतल्या बाजूला, वायरी, स्विच आणि लाईटच्या माळांच्या दुकानांमधून अंग चोरत जायचं आणि मग एक अरुंद जिना. नाव मुद्दाम टाकत नाहीये. दुकान चालवणाऱ्या काकांना विचारलं होतं की लिहू का तुमच्याबद्दल, तर म्हणाले "लिहा की ताई, पण नाव नका टाकू, लोक फोन करून फक्त रेट विचारतात आणि पोराचा अख्खा दिवस त्यातच जातो." त्यामुळे ज्यांना शोधायचंय त्यांनी गल्लीत विचारा, तपासायचे पैसे घेणारे काका म्हटलं की कोणीही वर बोट दाखवतं.

आता मशीनची गोष्ट. मी लग्नाचे अल्बम डिझाईन करते, फोटोग्राफर लोक फोटो पाठवतात आणि मी बारा बाय छत्तीस इंचाची पानं लावून देते, म्हणजे तीनशे डीपीआयला (एका इंचात तीनशे पिक्सेल) एकेक पान १०८०० बाय ३६०० पिक्सेलचं, आणि अशी चाळीस-पन्नास पानं एकदम एक्सपोर्टला लावली की मशीनची खरी परीक्षा असते. मशीन तसं जुनं पण चांगलं, आय-फाईव्ह ९४००एफ प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, आणि नंतर टाकलेलं जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. सीझन सुरू झाला आणि हे बंद पडायला लागलं. बंद म्हणजे हँग नाही, निळी स्क्रीन नाही, काही मेसेज नाही, कोणीतरी मागून प्लग ओढल्यासारखं टक्क, पंखे थांबले, लाईट गेला, संपलं. पुढचं बटण दाबून काही व्हायचं नाही. मागचा स्विच बंद करून जरा थांबलं की मग चालू. कधी दिवसभर एकदम नीट चालायचं आणि कधी सलग दोन अल्बम पण पुरे होऊ द्यायचं नाही, आणि हे असं कधी होईल कधी नाही असंच सगळ्यात जास्त डोक्याला ताप देतं, कारण समोरच्याला दाखवायला न्यावं तर तिथे शहाण्यासारखं चालतं.

तिथे म्हणजे घराजवळच्या दुकानात. नाव त्यांचंही नाही टाकत. "फ्री चेकअप" असा बोर्ड आहे. त्यांनी मशीन चालू केलं, वॉलपेपर बघितला, म्हणाले मॅडम विंडोज गेलंय, फॉरमॅट करावं लागेल. फॉरमॅटचे पैसे, वर अँटीव्हायरसचे पैसे. घरी आणलं, परत तेच. परत नेलं तर म्हणाले विंडोज टेन बंद झालं ना ऑक्टोबरमधे, त्यामुळे होतंय, इलेव्हन टाकून देतो. आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा सपोर्ट संपला हे खरंच आहे, पण सपोर्ट संपला याचा अर्थ नेहमीचे सिक्युरिटी अपडेट यायचे बंद झाले, त्याने कोणाचं मशीन टक्क करून बंद पडत नाही. मग रॅम बदला झालं. रॅम बदलली. मग म्हणाले मदरबोर्ड दिसतोय, आणि या बोर्डला आता नवीन पीस मिळत नाही, त्यापेक्षा प्रोसेसर, बोर्ड, रॅम सगळंच नवीन घेऊन टाका. जी रॅम नुकतीच विकली तीपण त्यात बदलायची!

मी विचारलं की एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा) बघितला का, कारण एवढं मलाही माहीत होतं की पॉवर तिथून येते. तर त्यांनी माझ्यासमोर तो मोठा चोवीस पिनचा कनेक्टर काढला, त्यातली हिरवी आणि काळी तार तारेच्या तुकड्याने जोडली, एसएमपीएसचा पंखा फिरला, म्हणाले बघा मॅडम, ओके आहे. हे लक्षात ठेवा, पुढे येणारे.

तर काकांकडे. चारशे रुपये घेऊन त्यांनी पावती केली आणि मशीनला हात लावायच्या आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली, मला वाटतं मशीन उघडण्याआधीच अर्धं निदान झालं होतं. बंद पडतं तेव्हा पंखे एकदम थांबतात की स्क्रीन जाते आणि पंखे चालू राहतात? निळी स्क्रीन क्षणभर तरी दिसते का? बंद पडून आपोआप परत चालू होतं का? बटण दाबल्यावर लगेच चालू होतं की मागचा स्विच बंद करून थांबावं लागतं? चालू केल्यावर चार-पाच सेकंदात बंद होतं की काम करताना? आणि काम कोणतं? घरी दुसरं काय त्याच प्लगवर आहे?

यातला प्रत्येक प्रश्न कशासाठी ते काका सांगत होते, मी जमेल तसं लिहून घेतलं. स्क्रीन जाऊन पंखे चालू राहिले तर बऱ्याचदा ग्राफिक्स कार्ड, केबल किंवा डिस्प्लेची भानगड. निळी स्क्रीन येऊन रिस्टार्ट होत असेल तर ड्रायव्हर, रॅम, डिस्क असलं काहीतरी, आणि ती निळी स्क्रीन दिसत नसेल तर विंडोजच्या स्टार्टअप अँड रिकव्हरीमधली आपोआप रिस्टार्टची टिक काढायची म्हणजे ती थांबून राहते आणि वाचता येते. चालू करून चार-पाच सेकंदात बंद होत असेल तर आधी पुढचं बटण बघायचं. हे मला भारी वाटलं, कॅबिनेटचं पॉवर बटण चार सेकंद दाबून धरलं की मशीन जबरदस्तीने बंद होतं हे आपल्याला माहीत असतं, पण तेच बटण धुळीने किंवा जुनं झाल्यामुळे आत अडकून बसलं तर मशीनला वाटतं की कोणीतरी दाबूनच धरलंय आणि ते प्रत्येक वेळी इमानदारीत बंद होतं. काका म्हणाले अशा बटणापायी लोकांनी मदरबोर्ड बदललेत. बोर्डवरून पॉवर स्विचची ती बारीक दोन पिनांची वायर काढून दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवल्या की मशीन चालू होतं, आणि मग बंद नाही झालं तर दोष बटणाचा, बाकी कशाचा नाही.

आणि शेवटचा तो मागचा स्विच बंद करून थांबायचा प्रश्न, तिथे काकांनी मान हलवली. बऱ्याच एसएमपीएसमधे असं असतं की लोड किंवा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो स्वतःला लॉक करून घेतो आणि मेन सप्लाय तोडून आतली शिल्लक वीज उतरेपर्यंत परत उठत नाही. प्रोसेसर तापून बंद पडला तर सहसा मेनचा स्विच बंद करायची गरज पडत नाही, आणि तो बंद पडायच्या आधी हळू पण होतो. माझं मशीन हळू कधीच झालं नव्हतं. पण काका म्हणाले अंदाजावर पार्ट बदलायचा नाही, सिद्ध करायचं.

आधी त्यांनी विंडोजच्या नोंदी बघितल्या, हे घरी पण बघता येतं म्हणून लिहिते. इव्हेंट व्ह्यूअर उघडायचं, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. माझ्याकडे कर्नल-पॉवर ४१ आणि इव्हेंटलॉगच्या ६००८ अशा नोंदींची रांग होती. नेटवर ४१ शोधलं की हजार उपाय सापडतात, हा ड्रायव्हर टाका, ती सेटिंग बदला, पण ती नोंद मशीन बंद पडताना होतच नाही, पुढच्या वेळी चालू झाल्यावर विंडोज मागे वळून लिहितं की मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो, बस. कारण त्यात नसतं. कामाची गोष्ट एवढीच की त्या नोंदीच्या डिटेल्समधे बगचेक कोड असतो, तो शून्य असेल तर विंडोजला मरताना काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली, किंवा तापून झटक्यात बंद, किंवा बटण, किंवा मशीन पूर्ण गोठलेलं असताना तुम्हीच बंद केलं. आकडा असेल तर निळी स्क्रीन होती आणि मग तो आकडा शोधायचा. आणि १०७४ नंबरची नोंद दिसली तर काही बिघडलेलंच नाही, कुठल्या तरी प्रोग्रामने किंवा अपडेटने किंवा घरातल्या कोणीतरी रीतसर बंद केलंय आणि कोणी केलं ते नावासकट तिथे लिहिलेलं असतं. घरात लहान मुलं असतील तर हे आधी बघा.

मग टेबल. त्यांच्याकडे एक पोरगा आहे, कमी बोलतो, हात मात्र फार व्यवस्थित. आधी गॅलरीत नेऊन ब्लोअर मारला, पंख्याची पाती बोटाने धरून, कारण हवेने पंखा वेडावाकडा फिरवू नये म्हणे. मग त्याने माझी डिस्क काढून बाजूला ठेवली आणि दुकानाची एसएसडी लावली, तिच्यावर त्यांचं स्वतःचं विंडोज आणि टेस्टिंगचे प्रोग्रॅम. मला आधी कळलंच नाही असं का, मी पासवर्ड लिहून द्यायला लागले तर म्हणाला "नको ताई, आम्हाला लागतच नाही." एक तर माझ्या क्लायंटचे फोटो कोणी बघायचा प्रश्न मिटला, आणि दुसरं म्हणजे त्यांच्या विंडोजवर पण मशीन बंद पडलं तर माझ्या विंडोजचा काही संबंध नाही हे त्याच क्षणी सिद्ध होतं. एवढी साधी युक्ती आहे, दोन मिनिटांचं काम, आणि तिकडे माझ्याकडून फॉरमॅटचे पैसे घेतले गेले होते.

नंतर उष्णता. फक्त प्रोसेसरवर पूर्ण लोड दिला आणि तापमान बघत बसला. या प्रोसेसरची मर्यादा १०० डिग्रीची आहे, आमचं ८५ च्या वर जाऊन बसलं, जरा जास्तच. कूलर हलवून बघितला तर एक पाय सुटलेला. इंटेलच्या डब्यात येणाऱ्या त्या गोल कूलरला चार प्लास्टिकच्या खिट्ट्या असतात, त्यातली एक जरी नीट बसली नाही तरी कूलर एका बाजूने उचलला जातो. त्याने काढून जुनी वाळलेली पेस्ट पुसली, नवीन लावली, खिट्ट्या बसवल्या, परत लोड दिला, तापमान सत्तरच्या आसपास आलं. मी म्हटलं सापडलं का मग? तर काका काउंटरवरून म्हणाले, "सापडलं एक, पण हे नाही. ८५ ला हे मशीन बंद पडत नाही." कोणी दुसरा असता तर इथेच पैसे घेऊन मशीन हातात दिलं असतं आणि मी खूश होऊन घरी गेले असते.

मग ग्राफिक्स कार्डवर पण लोड दिला, दोन्ही एकदम. मल्टिमीटरच्या पिना एका मोकळ्या कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या तारेत घातलेल्या. बारा व्होल्टच्या लाईनवर पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. मशीनवर काही काम चालू नसताना ११.९ होतं. प्रोसेसरचा लोड, ११.७. कार्ड पण चालू झालं तसं ११.४, ११.३, ११.२ आणि टक्क. बंद. दुकानात, माझ्यासमोर, त्यांच्या विंडोजवर. मला इतका आनंद मशीन बंद पडल्याचा कधी झाला नसेल.

तरीपण ते तिथे थांबले नाहीत. दुकानाचा खात्रीचा एसएमपीएस बाहेरूनच लावला, कॅबिनेटमधे न बसवता, टेबलावर ठेवून. तोच लोड. बारा व्होल्टची लाईन हलली नाही, मशीन चालू. मग म्हणाले आता हे रात्रभर चालू देतो, उद्या या. दुसऱ्या दिवशी फोन आला की चालतंय, बोर्ड ओके, रॅम ओके (रॅमची पण टेस्ट लावली होती), कार्ड ओके. म्हणजे दोषी एसएमपीएस आणि फक्त एसएमपीएस, आणि जो बोर्ड मला बदलायला सांगितला होता तो रात्रभर पूर्ण लोडवर चालला.

आता त्या हिरव्या-काळ्या तारेचं. ती तार जोडून पंखा फिरला याचा अर्थ एसएमपीएस जिवंत आहे, एवढाच. त्याच्यावर तेव्हा काहीच ओझं नसतं. पंखा फिरवायला दोन-तीन वॅट लागतात आणि माझ्या मशीनला काम करताना दोनशेच्या वर. काका म्हणाले या टेस्टने मेलेला एसएमपीएस कळतो, आजारी कळत नाही. आणि आजारीच जास्त असतात.

जुना एसएमपीएस काढून त्यांनी मला त्याचं लेबल वाचायला शिकवलं, हा भाग मला वाटतं प्रत्येकाला यायला पाहिजे. वर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं. खाली बारीक तक्त्यात बारा व्होल्टच्या खाली १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६. म्हणजे साडेचारशेमधले खऱ्या उपयोगाचे २१६ वॅट, कारण आजच्या मशीनमधे प्रोसेसर आणि कार्ड दोघंही बारा व्होल्टवरच जगतात, बाकीचे वॅट पाच आणि ३.३ व्होल्टच्या लाईनवर दाखवून बेरीज फुगवलेली असते. आणि हे २१६ पण नवीन असताना, कंपनीने खरं लिहिलं असेल तर. माझं कार्ड एकटं १२५ वॅटचं, प्रोसेसर कागदावर ६५ चा पण सगळे कोअर पळायला लागले की थोडा वेळ त्याच्याही वर जातो, मग पंखे, डिस्क, बोर्ड. नवीन होता तोपर्यंत कसाबसा तगला, आतले कॅपॅसिटर (वीज साठवणारे भाग) उन्हाळ्या-उन्हाळ्यात वाळत गेले, आणि मग सीझनमधे मान टाकली.

अजून एक म्हणजे कार्डला आठ पिनांची वेगळी वायर लागते आणि या एसएमपीएसला ती नव्हतीच, त्यामुळे कार्ड बसवून देणाऱ्याने दोन जुन्या चार पिनवाल्या कनेक्टरना जोडून अडॅप्टर लावून दिला होता. त्या अडॅप्टरची एक पिन तपकिरी झालेली, प्लास्टिक किंचित वितळलेलं. पोराने तो कापूनच टाकला, म्हणजे परत कोणी लावायलाच नको. तुमच्याकडे कार्डला असा अडॅप्टर असेल तर मशीन बंद पडायची वाट न बघता एकदा मशीन बंद करून, प्लग काढून बघा. एसएमपीएस मात्र घरी उघडू नका, प्लग काढल्यावर पण आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमधे तीनशे व्होल्टच्या वर शिल्लक असू शकतात.

नवीन मला ७५० वॅटचा हवा होता, म्हटलं एकदाच काय तो मोठा घेऊन टाकू. काकांनी विकला नाही. कागदावर बेरीज करून दाखवली आणि म्हणाले साडेपाचशे खूप झाला, त्यातले पण अर्धे वापराल. अर्ध्या लोडच्या आसपास एसएमपीएस सगळ्यात काटकसरीने चालतो म्हणे. मी घेतला तो ८० प्लस ब्रॉन्झ, बारा व्होल्टवर ४५ अँपिअर म्हणजे ५४० वॅट, पाच वर्षांची वॉरंटी, चार हजाराच्या आतबाहेर. त्यांनी हेही सांगितलं की ८० प्लस हा शिक्का वीज किती वाया जाते त्याचा आहे, दर्जाची हमी नाही, त्यामुळे शिक्का, अँपिअर आणि वॉरंटी तिन्ही बघायचं. पक्कं बिल दिलं, बिलावर सिरियल नंबर लिहून. जुना एसएमपीएस पिशवीत घालून परत दिला, मी म्हटलं मला काय करायचाय, तर म्हणाले तुमची वस्तू आहे.

आता मी जे वर म्हटलं ना की चारशे रुपयांमुळेच दुकान चांगलं आहे, ते असं. काकांना विचारलं होतं की तपासणी फुकट ठेवली तर गिऱ्हाईक वाढेल की. ते म्हणाले, "फुकट तपासलं की मग काहीतरी विकावंच लागतं ताई, दोन तास गेलेले असतात." विचार करा, फुकट तपासणाऱ्याला तुमच्या मशीनवर दोन तास लोड टेस्ट लावून बसणं परवडणारच नाही, तो वॉलपेपर बघणार आणि जे शेल्फवर आहे ते सुचवणार. त्याची दानत वाईट असेलच असं नाही, धंद्याचं गणितच तसं आहे. इकडे मी काहीही न घेता निघाले असते तरी काकांचा वेळ भरून निघालेला होता. तिथेच एका कॉलेजच्या पोराला त्यांनी नुसतं पॉवर बटण मोकळं करून परत पाठवलेलं मी बघितलं, घेतले चारशेच.

तक्रारी आहेत. होम व्हिजिट नाही, म्हणजे नाहीच. मशीन ठेवून घेतात आणि कधी देणार ते नक्की सांगत नाहीत, सीझनमधे काम अडलेल्या माणसाला हे जड जातं. फोन उचलत नाहीत, ते करतात. काका प्रश्न विचारताना जरा उलटतपासणी घेतल्यासारखं विचारतात आणि आपण "असंच बंद पडतं हो" म्हटलं की चिडतात. बसायला एक स्टूल, त्यावर कोणाचं तरी कॅबिनेट. पार्किंगचा विषय काढू नका, शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता एकेरी, एकदा वळण चुकलं की अख्ख्या पेठांना प्रदक्षिणा. कॅबिनेट घेऊन जायचं असेल तर रिक्षाच करा, नुसती चौकशी किंवा पार्ट आणायचा असेल तर मेट्रोने मंडईला उतरून चालत जा, त्याला तोड नाही. आणि नवीन एसएमपीएस बसवल्यावर वायरी आत नीट बांधल्या नव्हत्या, एक वायर पंख्याला घासत होती, घरी आल्यावर आवाज आला तेव्हा मीच झिप टायने बांधली. एवढं सगळं करून ही कसूर कशाला ठेवायची कळत नाही.

त्यांनी घरी बघायला सांगितलेल्या गोष्टी पण लिहून ठेवते कारण त्या दुकानात सापडत नाहीत. एक म्हणजे युपीएस. सहाशे व्हीएचा युपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, आणि त्याच्यावर मॉनिटर, राउटर, स्पीकर सगळं लावलेलं असतं. त्याची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, आणि उतरली की व्होल्टेज जरा खाली गेलं, युपीएस बॅटरीवर जायला गेला आणि मशीन बंद, आपल्याला वाटतं कॉम्प्युटर गंडला. लाईट गेलेली पण नसते, फक्त शेजारच्या बिल्डिंगची लिफ्ट किंवा पंप चालू झालेला असतो. तपासायचं सोपं आहे, काम सेव्ह करा आणि भिंतीवरचं युपीएसचं बटण बंद करून बघा काय होतं ते. माझा युपीएस एका मिनिटाच्या आत शिट्टी वाजवत गेला, म्हणजे बॅटरीपण संपलेलीच होती, ती बदलली. नवीन चांगल्या एसएमपीएसमधे ॲक्टिव्ह पीएफसी (मेनमधून करंट नीट ओढणारं सर्किट) असतं आणि काही स्वस्त युपीएसची चौकोनी वेव्ह त्याला झेपत नाही, तेव्हा एसएमपीएस बदलल्यावर ही टेस्ट परत करा, माझं जमलं.

दुसरं अर्थिंग. जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या बिल्डिंगीत सॉकेटला तीन भोकं असतात पण तिसऱ्याच्या मागे तार असेलच असं नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, न्यूट्रल आणि अर्थमधे दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. आमच्याकडे अर्थिंग नीट होतं, पण एक्स्टेन्शन बोर्ड सैल होता, प्लग हलवला की ठिणगी, तो फेकला.

तिसरं, ते कॉम्प्युटर टेबल. सनमाईकचं, खाली कॅबिनेट ठेवायला दार असलेला कप्पा. काकांच्या मते या कप्प्याने पुण्यात जेवढी मशीन मारली तेवढी विजेने पण मारली नसतील. मी दार काढून टाकलं आणि मागची फळीपण. सासूबाईंना आवडलेलं नाही.

त्यानंतर पूर्ण सीझन गेला, एक्सपोर्टला लावून मी स्वयंपाकघरात जाते आणि परत येते तेव्हा ते चालू असतं. विंडोज इलेव्हन टाकलं, ते घरीच टाकलं, ९४००एफला चालतं. ती नवीन रॅम पण मशीनमधेच आहे, तिकडच्या दुकानाने परत घेतली नाही, पण ती एक वेगळीच कहाणी आहे आणि त्यांचा रिव्ह्यू मी लिहिणार नाही.

जाणाऱ्यांसाठी: फक्त कॅबिनेट न्या, मॉनिटर, कीबोर्ड काही लागत नाही. डेटाची जबाबदारी घेत नाहीत, पावतीवर तसं लिहूनच घेतात, तर आधी बॅकअप घ्या. मशीन बंद पडतं तेव्हा काय चालू होतं ते दोन-तीन वेळचं लिहून न्या, काका खूश होतात. यूपीआय चालतं. पॉवर केबल मात्र घरचीच न्या, दुकानाची वापरू नका म्हणतात, कारण सैल केबलपण ते त्याच चारशेमधे तपासून देतात.